खंडेनवमीचा दोरा

आमच्या गावच्या मसणवट्यात प्रेत ठेवायची एक लोखंडी जाळी आहे. चार कोपऱ्यांना चार उभे अँगल, त्यांना धरून आडवे गज, खाली सिमेंटचा ओटा. अशी जाळी असली की लाकूड कमी लागतं आणि सरण ढासळत नाही. ती मंजूर व्हावी म्हणून मी तीन वर्षं अर्ज केले, दोनदा उपोषणाला बसलो, एका साहेबाच्या टेबलावर मूठ आपटून त्याचा चहा सांडला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. जाळी बनवली माझा मित्र योगीराज गिराम यानं. पेडगाव फाट्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. उद्घाटनाची तारीख ठरली, पुढारी येणार म्हणून हार सांगून ठेवले, आणि त्याच्या चार दिवस आधी तिन्हीसांजेला योगीराज मोटारसायकलसकट एका बिगर लाईटच्या ट्रॉलीत घुसला. जाळीवर पहिला तोच गेला.

सरण चांगलं धरलं होतं. माणसं घराकडं वळायच्या बेतात होती. तेवढ्यात टण्ण आवाज झाला. डोक्याकडचा आडवा गज जोडातून सुटला, लाकडं एका अंगाला सरकली, आणि योगीराज कमरेतून वर उचलल्यासारखा झाला. मग कुशीवर खाली आला. पुढं आम्ही बांबूनं काय केलं ते मी लिहीत नाही. त्याच्या चुलत्यानं तिथंच सगळ्यांना शपथ घातली, घरी कुणी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर बायका बोलत होत्या, योगीराज उठून बसला म्हणे.

मी भूतप्रेत मानत नाही. आचेनं शरीर आखडतं, लाकूड हललं की वर येतं, हे मी पारावर बसून दहा जणांच्या गळी उतरवलं. त्या दहा जणांनीही नंतर जाळीला हात लावला नाही. गाव ओट्याच्या बाजूला जमिनीवर सरण रचायला लागलं. सुटलेला गज दुसऱ्या टोकाला लोंबकळत राहिला. वारा सुटला की अँगलवर आपटायचा. भर दुपारी गाव सामसूम असताना तो आवाज ओढा ओलांडून गिरामांच्या दारापर्यंत यायचा. टण्ण. मग बराच वेळ काहीच नाही. आपण विसरलो की पुन्हा टण्ण. पूर्ण दोन वर्षं.

त्या दारात राहते राजेश्री, योगीराजची बायको. तिचं सांगायला बसलोय.

माहेर राणीसावरगाव, शिक्षण नववी. नवरा गेला तेव्हा छत्तीसची होती. ब्लाउज शिवून घर चालवते आणि तिचा हात इतका साफ की झरीहून बायका कापड घेऊन येतात. लेक निकिता नांदेडला नर्सिंग शिकते. घरात ती आणि सासू धुरपताबाई, दोघीच. दुकान बंद झाल्यावर मोठी वेल्डिंग मशीन विकली. एक छोटी राहिली. ही योगीराजनं मरायच्या तीन महिने आधी मोबाईलवरून मागवलेली, सगळ्यात स्वस्तातली, तेलाच्या डब्याएवढी. हिला रॉड लागत नाही. आत तारेचं रीळ असतं, हातातल्या गनचं बटन दाबलं की तार आपोआप पुढं सरकते. तार पोकळ, तिच्या पोटात पावडर. पावडर जळते, तिचा धूर जोडाला झाकून धरतो, म्हणून गॅसचं सिलेंडर लागत नाही आणि उघड्यावर वाऱ्यातही काम होतं. मसणवट्यात लाईट नाही, मोठी मशीन तिथं पोचत नाही. म्हणून जाळी योगीराजनं भाड्याच्या जनरेटरवर, याच मशीननं केली होती. वीस वर्षं रॉड चालवलेला माणूस, तारेवरचं त्याचं ते पहिलंच काम.

ही मशीन धुरपताबाईनं विकू दिली नाही, कारण तिला दोरा बांधलेला होता.

खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात. गिरामांच्या घरात त्यावर आणखी एक रीत आहे. नवं हत्यार आलं की घरातल्या म्हाताऱ्या बाईनं त्याला हळदीत भिजवलेलं सूत बांधायचं. ते हातानं सोडायचं नाही. वापरात झिजून आपोआप तुटलं की हत्यार माणसाचं झालं. आधीच सोडलं तर हत्यार माणसाला खातं. कुऱ्हाडीला दांड्यावर बांधतात, पेरायच्या पाभरीला बी सोडायच्या चाड्यावर. या डब्याला कुठं बांधावं ते म्हातारीला कळेना. समोर दोन भोकं, एक तांबडं, एक काळं. गनची आखूड केबल तांबड्यात खोचलेली. म्हातारीनं ती केबल आणि वरची मूठ मिळून सात वेढे घातले, गाठ मारली, कुंकू लावलं.

योगीराज गेल्यावर तिनं पहिल्यांदा काय विचारलं? "दोरा सोडला व्हता का त्यानं?" राजेश्रीनं पोतं उचलून मशीन दाखवली. सातही वेढे जसेच्या तसे. तेव्हा कुठं म्हातारी रडली.

यंदा संक्रांतीनंतर धुरपताबाईच्या पोटात पाणी झालं. परभणीच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मला निरोप आला. ओसरीवर बाज टाकली होती.

"भुजंगा, बस. तुझं भाषन ऐकायला बोलावलं न्हाई."

"मी कुठं भाषण करायलोय, माय?"

"तोंड उघडलं की तेच करतूस. ऐक. मला त्या जाळीवर न्या."

मी राजेश्रीकडं बघितलं. ती खाली मान घालून ब्लाउजला हूक लावत होती.

"माय, तिच्यावर आता कुनी जात न्हाई."

"म्हनून तर. माझ्या लेकाचं काम हाय ते. गाव म्हनतंय योगीराजचं काम फुटकं, त्याला सोताचीच जाळी पुरली न्हाई. मी जाते तिच्यावर. मग बघू कोन काय म्हनतंय." तिला दम लागला. "पर आधी नीट करून घ्या. मला खाली टाकू नका बाबा."

बाहेर टण्ण झालं. म्हातारीनं त्या दिशेला तोंड फिरवलं. "बघ. रोज सांगायलाय."

दुसऱ्या दिवशी मी झरीला माणिकरावाच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. चांगला कारागीर आहे. त्यानं आधी चहा सांगितला आणि मग नाही म्हणाला.

"भुजंगराव, शिव्या द्या वाटलं तर. पर मसनातलं लोखंड माझ्या पायरीवर आलं तर उद्या लग्नाचा पलंग कोन करून घ्यायलंय माझ्याकडून?"

"मग तू चल तिथं."

"माझी मशीन तिथं गेली तरी तेच की."

"मेल्यावर कुठं जानार हायस तू, अमेरिकेला?"

"मेल्यावर मशीन संगं न्यायची न्हाई ना."

त्याचं उत्तर मला आवडलं, म्हणून जास्तच राग आला. चहा तसाच ठेवून मी निघालो. आणखी दोन दुकानं फिरलो. तीच तऱ्हा.

राजेश्रीला येऊन सांगितलं तर तिनं सुई उशीला टोचली, पत्र्याच्या खोलीत गेली आणि मशीनवरचं पोतं ओढलं.

"किती दिवस हायेत, भावजी? डॉक्टर काय बोलले?"

"आठ. लय झाले तर पंधरा."

"मी ब्लाउज आठ दिवसांत शिकले व्हते."

"वैनी, हे ब्लाउज हाय का?"

"मग काय हाय? दोन तुकडे हायेत, ते जोडायचेत."

मशीनबरोबर एक पुस्तिका होती, इंग्रजी. माहितीच्या अधिकाराचे कागद वाचत वाचत मी इंग्रजी शिकलो, कुणाच्या बापाच्या शाळेत नाही. पण त्या पुस्तिकेचं इंग्रजी चिनी माणसानं लिहिलेलं होतं, त्याला माझा इलाज नव्हता. दोन तासांनी मी एवढं सांगितलं की रीळ आत बसवायचं आणि तारेचं टोक दोन छोट्या चाकांच्या मधून गनमध्ये घालायचं. मी चाकांचा स्क्रू चांगला आवळला. बटन दाबल्यावर तार गनमध्ये गेलीच नाही. चाकांपाशीच तिचा गुंता झाला, चिमणीच्या घरट्यासारखा.

राजेश्रीनं गुंता कापून काढला आणि तार बोटांत धरून बघितली. चाकांनी चेंबून चपटी केली होती.

"पोकळ हाय हो ही. तुमी नरडं दाबलं तिचं." तिनं स्क्रू सैल केला, पुढचं टोक लाकडावर टेकवून बटन दाबलं, अडली की चाकं नुसती घसरतील इतपत पुन्हा आवळला. "बॉबिन हाय ही. लय कसली की धागा तुटतोय, सैल सोडली की गोळा व्हतोय."

तार सुरळीत यायला लागली. मी पुस्तिका मिटली.

पहिल्या दिवशी तिनं हेल्मेटची काळी काच खाली करायच्या आत दोन-तीनदा बटन दाबलं. संध्याकाळी डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं झालं. ती आणि सासू, दोघी शेजारी शेजारी आडव्या, राजेश्रीच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या. म्हातारी म्हणाली, "आता दोघींचीबी एकदमच तयारी करा रं." राजेश्री इतकी हसली की चकत्या पडल्या.

हेल्मेट योगीराजचंच होतं. आतल्या पट्टीला त्याच्या घामाच्या मिठाचा पांढरा डाग होता. दुसऱ्या दिवशी ती काच वर करून माझ्याकडं न बघता म्हणाली, "भावजी, काच खाली केली की अंधार व्हतो ना, तवा ते शेजारी उभे राहतेत. तंबाखूचा वास येतो."

पारावरची दहा माणसं असती तर बोललो असतो.

तीन दिवस ती भंगारच्या पट्ट्या जोडत होती. मशीन कडाकड वाजायची, फुटाणे फुटल्यासारखी, आणि चहूकडं ठिणग्यांचे बारके गोळे उडून पट्टीला चिकटायचे. जोड मात्र हळूहळू सरळ यायला लागला. पुस्तिकेत लिहिलं होतं, गन ढकलायची नाही, आपल्याकडं ओढत न्यायची, आणि तार अर्धा इंचच बाहेर ठेवायची. तेही तिनं पकडलं. वरची खपली झाडली की खाली जाड, गोल वळ दिसायचा. मी म्हणालो, झालं की.

तिनं पट्टी शिकंज्यात धरली आणि हातोडा मारला. एका घावात पट्टी निखळली. तिनं वेग कमी-जास्त केला, करंट वाढवला, पुन्हा जोडलं, पुन्हा मारलं. पुन्हा निखळली. वळ एका पट्टीवर गांडुळासारखा पडून राहायचा आणि दुसरीची कड कोरीच्या कोरी, वितळलेलीच नाही.

ती कड ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "जाळीचा सुटलेला गज मला आनून द्या."

मी भर दुपारी गेलो. गज दुसऱ्या टोकाला धरून होता. मी नुसता मुरगळला तर तोही जोड सुटला. पोत्यात गुंडाळून मागच्या वाटेनं आणला. आलो तर ओसरीवरून म्हातारी विचारते, "आज वाजंना का रं?" मी पोतं पाठीमागं धरून उभा. "वारं पडलंय माय," म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. आयुष्यात इतक्या साहेबांशी खोटं बोललो, पण तिथं जमलं नाही.

राजेश्रीनं गजाचं टोक आणि तिची निखळलेली पट्टी शेजारी ठेवली. दोन्हींची तोंडं सारखीच होती. तसाच जाड वळ, तशीच कोरी कड. वीस वर्षं काम केलेल्या माणसाचा जोड आणि चार दिवस शिकलेल्या बाईचा, एकाच पद्धतीनं फसलेले.

"हातात खोट न्हाई भावजी," ती म्हणाली. "त्यांच्याबी न्हाई आन् माझ्याबी न्हाई. मशीनच कुठंतरी चुकायलीय."

मी पुस्तिका पुन्हा उघडली, तर तिनं हातानंच थांबवलं. मशीनचं रिळाकडचं झाकण ती रोज उघडत होती. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला दोन चित्रं चिकटवलेली होती, नखाएवढी. मी ती कधी बघितलीच नव्हती. वाचता येणाऱ्या माणसाचा माज असतो, चित्रं लहान पोरांसाठी असतात असं वाटतं.

"ह्या चित्रात बघा, नळकांडं हाय. गॅसचं. गनची केबल तांबड्यात हाय. ह्या दुसऱ्यात नळकांडं न्हाई. केबल कुठं हाय?"

"काळ्यात."

"आपल्याकडं नळकांडं हाय का?"

नव्हतं. म्हणजे बिगर गॅसच्या तारेला गन काळ्यात लागते आणि लोखंडाला लावायचा अर्थिंगचा चिमटा तांबड्यात. आपली केबल दोन वर्षांपासून तांबड्यात. कंपनीतून आली तशी, गॅसवाल्यासाठी. आणि रॉडच्या मशीनला योगीराजला होल्डर प्लसला, म्हणजे तांबड्यातच लावायची सवय, म्हणून त्याच्या नजरेला ते खुपलं नसेल, असं कुणीही म्हणेल. मीही तेच म्हणालो असतो.

पण मला आठवलं. जाळीचं काम चालू असताना मी रोज जायचो, आज किती झालं बघायला. एका दुपारी योगीराज काच वर करून म्हणाला होता, "भुजंगा, हिचा आवाज मला पटंना. एकदा केबल फिरवून बघावं वाटायलंय. पर मायनं दोरा बांधलाय. तुटला की बघतो." मी म्हणालो होतो, "अरे बाबा, आवाजाला काय धरून बसलास? तारीख दिलीय. लोक यायलेत." तो हसला आणि काच खाली केली.

एवढंच. राजेश्री झाकणाकडं बघत होती आणि मी हे पोटात धरून उभा होतो. सांगितलं नाही.

केबल फिरवायची तर दोरा मधी. तिनं वेढे सरकवून बघितले, सरकेनात. हळद आणि कुंकू सुकून सूत काडीसारखं झालं होतं.

"तुमी कापा," ती म्हणाली. "तुमी तर मानीत न्हाईत."

कात्री हातात घेतली. जादूटोण्याच्या विरोधात मी मोर्चे काढलेत, एका बाबाच्या मठीला कुलूप लावलंय. त्या सात वेढ्यांच्या खाली कात्रीचं पातं सरकवलं आणि परत बाहेर काढलं. ओसरीवरून म्हातारीच्या खोकल्याचा आवाज येत होता.

राजेश्रीनं माझ्या हातातून कात्री घेतली. शिलाईची मोठी कात्री. कच्. दोरा तिनं पदराच्या टोकाला बांधला, केबल काळ्यात खोचली, चिमटा तांबड्यात फिरवला, काच खाली केली.

आवाजच बदलला. फुटाणे थांबले. तळणीत पुरी सोडल्यावर जसा एकसारखा आवाज येतो तसा यायला लागला. हातोड्याचे चार घाव मारले. पट्टी वाकली, जोड सुटला नाही. तिनं हेल्मेट काढलं नाही. आत ती रडत होती की काय, मला दिसलं नाही, मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

जनरेटर मंडपवाल्याकडून आणला. "काय कार्यक्रम हाय?" तो म्हणाला. "हाय एक," म्हणालो. सकाळी दहाला राजेश्री मशीन हातात घेऊन, योगीराजचा जुना फुलशर्ट साडीवर चढवून निघाली. पाराजवळ किशनराव बसलेले, गावातले सगळ्यात वयस्कर.

"बाईमानूस मसनात? सूनबाई, काय रीतभात हाय का न्हाई?"

माझं डोकं फिरलंच होतं, पण ती आधी बोलली. "मामा, मेल्यावर न्यालच की मला तिथं. आज चालत जाते, तुमच्या खांद्याला तरास न्हाई."

किशनराव माझ्याकडं वळून म्हणाले, "तू शिकवलंस व्हय रे हे बोलायला?"

"मी तिच्याकडून शिकायलोय," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

एकच गज जोडून भागणार नव्हतं. सगळे जोड त्याच पद्धतीनं केलेले. तिनं मोजले, वीस. एकेक जोड ग्राइंडरनं कापून, राख आणि गंज घासून, लोखंड चांदीसारखं झाल्यावर नवा मारायचा. योगीराजचं काम योगीराजची बायको एकेक करून पुसत होती. पहिल्या चार जोडांना तिचा हात जड गेला. एकदा काच वर करून म्हणाली, "ते म्हनायलेत, हळू." मी वाऱ्याच्या बाजूला उभा राहून धूर तिच्या तोंडावर येतोय का बघत होतो. दोन दिवस लागले. गावातली माणसं ओढ्याच्या अलीकडं उभी राहून बघायची, पलीकडं कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी आलो. म्हातारी जागी होती. आवाज नुसताच राहिला होता, अंग उरलं नव्हतं.

"झालं?"

"झालं, आत्याबाई. आता हालत न्हाई."

"मशीन आन हिकडं."

राजेश्रीनं मशीन बाजेपाशी ठेवली. म्हातारीनं हात लांब करून मूठ चाचपली, केबल चाचपली.

"दोरा कुठाय?"

"तुटला. आपोआप तुटला."

"दे."

राजेश्रीनं पदराची गाठ सोडून दोरा तिच्या हातात दिला. म्हातारीनं आयुष्यभर कापूस वेचलेला, वाती वळलेल्या, गोधड्या शिवलेल्या. तिनं दोऱ्याचं टोक अंगठ्यानं चोळलं. मग दुसरं टोक. झिजून तुटलेल्या सुताला शेंडी असते, कुसळं असतात. हे टोक सपाट होतं.

"कातरीनं कापलाय."

मी उठायला लागलो.

"बस भुजंगा." ती राजेश्रीकडं बघत होती. "आन् आता मशीन चांगली चालायली?"

राजेश्रीनं मान हलवली.

"दोरा व्हता तवर चालत नव्हती."

तो प्रश्न नव्हता. राजेश्रीनं तिचे पाय धरले आणि काहीतरी म्हणाली, तुमची काय चूक, आम्हालाच उशिरा कळलं, असलं काहीतरी. म्हातारी ऐकत नव्हती. ओढ्याच्या दिशेला कान लावून पडली होती. तिकडं आता काही वाजत नव्हतं. तसंच पडून म्हणाली, "त्याला मी बांधून ठिवलं." मग दोरा मुठीत धरला आणि मूठ छातीवर ठेवली. "मला जाळीवरच न्या. आन् हे हातात राहू द्या."

पुढं ती चार दिवस होती. बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी गेली.

दुपारी नेलं. किशनराव आले. माणिकराव झरीहून आला, मागं उभा राहिला, त्याची नजर जोडांवर. जमिनीवर सरण रचायला कुणीतरी लाकडं टाकायला लागलं, तर किशनरावच म्हणाले, "तिथं न्हाई. म्हातारीनं सांगितलंय तिथं ठिवा." राजेश्री घरी थांबली नाही. पुरुषांच्या पुढं, ओट्यापासून दहा पावलांवर उभी राहिली. हटकायची कुणाची छाती झाली नाही.

सरण धरलं. गज तांबडे झाले. मी जोड मोजत होतो, तीही मोजत असणार. आच अंगाला लागायला लागली तशी माणसं मागं सरकली, पण गेलं कुणीच नाही. सगळे एकाच आवाजाची वाट बघत उभे होते. लाकडं आत खचली तेव्हा अख्खा जमाव दचकला. जाळी तशीच उभी. दोन तासांनी माणिकराव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "कुनी मारलेत जोड?" मी राजेश्रीकडं बोट केलं. त्यानं टोपी काढून घडी करून खिशात घातली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. बाकीची मंडळी ओढ्यावर हात धुवायला गेल्यावर राजेश्रीनं पिशवीतून छोटा हातोडा काढला. एकेका जोडावर मारून ऐकायला लागली. मी मोजायचं. भरीव जोड घंटेसारखा वाजतो, तुटका भद्द.

"भावजी," अकराव्या जोडावर ती म्हणाली, "वीस वर्षं काम केलेला मानूस. मला चार दिवसांत कळलं. त्यांना कळलं नसंल का हो?"

मी म्हणालो, "कळलं व्हतं." आणि सगळं सांगितलं. केबल, दोरा, तारीख, मी काय म्हणालो ते. एक शब्दही गाळला नाही.

हातोडा हवेतच थांबला. मला वाटलं मारेल. मारायला पाहिजे होता. ती ओढ्याकडं बघत राहिली. मग बाराव्या जोडापाशी सरकली.

"मोजा," म्हणाली.

मी मोजत गेलो. एकोणीसपर्यंत सगळे खणखणीत. विसावा डोक्याकडचा, जिथून योगीराजच्या वेळी गज सुटला होता. तिनं हातोडा माझ्या हातात दिला.

"हा तुमी वाजवा."

मी मारला. जोड पक्का होता, आवाज स्वच्छ, ओढ्यापलीकडं जाईल इतका. ती हातोडा घेऊन वळली, पिशवीत टाकला आणि चालायला लागली. मी तिथंच उभा. कान देऊन ऐकत होतो. घाव मी एकच मारला होता, पण आवाज थांबायला तयार नव्हता.